आण्णांनी आखलेलं मैदान



आपल्या रेडिओ केंद्रातल्या ताईंनी मला विचारलं, ‘वडिलांच्या आठवणी सांगाल का?’ मी लगेच हो म्हटलं आणि मग दोन रात्री नीट झोप लागली नाही. आण्णांचं चांगलं सांगायला पुष्कळ आहे. पण मधली एक गोष्ट दुखणारी आहे. ती गाळली तर आण्णा पुरते सांगितल्यासारखे होणार नाहीत. म्हणून तीही सांगते.

आमचं माहेर कराडजवळचं. आण्णांची जमीन दीड एकर. तेवढ्यावर घर चालत नव्हतं. म्हणून साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ते गव्हाणीवर हंगामी कामाला जायचे. रात्रपाळी करून सकाळी घरी आले की भाकरी खायची, दोन तास पडायचं आणि पुन्हा रानात. हंगाम संपला की विहिरीच्या खोदकामावर, नाहीतर कुणाच्या बांधबंदिस्तीवर. लाईट रात्रीची असली तर बॅटरी घेऊन उसात दारं धरायला. त्यांच्या तळहाताला एवढे घट्टे होते की आम्हाला लहानपणी वाटायचं, मोठ्या माणसांचे हात असेच असतात.

पण एवढं राबूनही त्यांनी खेळ सोडला नाही. तरुणपणी गावच्या तालमीत कुस्ती. तालमीतली तांबडी माती उकरून त्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालायचं काम ते पार म्हातारपणापर्यंत हौसेनं करायचे. जत्रेत लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लावायलाही तेच पुढं. आणि संध्याकाळी शाळेमागच्या मोकळ्या जागेत कबड्डी. ते तिला शेवटपर्यंत हुतूतूच म्हणायचे. कुणी विचारलं, ‘एवढं काम करून वर खेळायला ताकद कुठनं येती?’ तर म्हणायचे, ‘कामानं अंग मोडतं, खेळानं जुळतं.’

या वेडाचं मूळ होतं खाशाबा जाधव. आमच्या भागातल्या गोळेश्वरचे पैलवान. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला जाऊन आले, तिथं सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं एकट्या खेळाडूनं मिळवलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, शंभराच्या वर गाड्या होत्या. आण्णा तेव्हा चार वर्षांचे, आजोबांच्या खांद्यावर बसून बघायला गेलेले. ‘पैलवान काय दिसला न्हाई, पण बैलांच्या घुंगरांचा आवाज अजून कानात हाय,’ असं ते सांगायचे.

आमच्या घरात रेडिओ आला तोही खेळासाठीच. बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेटचं वर्णन सांगायचे, ते ऐकायला आळीतली माणसं ओट्यावर बसायची. आई आतून चहा देत राहायची. आज वाटतं, आईसुद्धा दिवसभर रानातच होती. तिचंही अंग मोडलेलंच असायचं. ते खेळानं जुळवायला तिला कुणी बोलावलं नाही. आण्णांचे मातीनं लाल झालेले कपडे ती घासायची, एवढाच तिचा खेळाशी संबंध.

मला मात्र आण्णांनीच कबड्डीची गोडी लावली. मी सातवीत होते. घरामागं शेणी थापायच्या जागेत त्यांनी मला घोटा कसा धरायचा ते शिकवलं. ‘हाताकडं बघू नगंस, पायाकडं बघ. पाय खोटं बोलत न्हाई.’ नववीपर्यंत मी शाळेच्या संघात पकडीसाठी नावाजली गेले. चढाईला आलेली पोर माझ्या बाजूला यायला कचरायची.

1990 साल. मी दहावीत. त्या वर्षी बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पहिल्यांदाच घेतली आणि भारतानं सुवर्णपदक मिळवलं. बातमी ऐकून आण्णांनी उधारीवर पेढे आणले आणि सगळ्या आळीत वाटले. त्याच महिन्यात माझी तालुक्याच्या संघात निवड झाली. सामने परगावी होते, दोन रात्री मुक्काम होता आणि खेळताना हाफ पँट घालावी लागणार होती.

पारावर चर्चा झाली. भावकीतल्या एका मोठ्या माणसानं आण्णांना सुनावलं, ‘लेकीला उघड्या पायानं नाचवणार का?’ आण्णा घरी आले. जेवताना ताटातून मान वर न करता म्हणाले, ‘आक्का, बास झाला आता खेळ. लोकांची तोंडं कोण धरणार?’

मी काहीच बोलले नाही. बोलायची रीतच नव्हती. पण मनात आलं, जो माणूस भर जत्रेत आपल्यापेक्षा दुप्पट वजनाच्या पैलवानाला भिडायला भीत नाही, तो पारावरच्या चार माणसांना भ्याला. पुढं चार वर्षांनी माझं लग्न झालं. माहेरी जायची, यायची. आण्णांशी सगळं बोलायची, फक्त खेळाचा विषय काढायची नाही. तेही काढायचे नाहीत.

बावीस वर्षं अशी गेली. 2012 च्या मार्चमध्ये पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक झाला. इराणला हरवून भारताच्या मुलींनी तो जिंकला. त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या तिघीजणी होत्या: सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे. दोन-तीन दिवसांनी आण्णा एसटीनं माझ्या सासरी आले. हातात गुळाची पिशवी आणि खिशात घडी घातलेलं वर्तमानपत्र.

पाणी प्यायले आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, ‘विहीणबाई, मागायला आलोय. नातीला रोज संध्याकाळी एक तास मोकळी सोडा. धुणंभांडं राहिलं तर माझ्या लेकीला बोलू नका, मला बोला.’ माझी लेक तेव्हा बारा वर्षांची होती. सासूबाई जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘अंधार पडायच्या आत घरी आली पायजे.’

नंतर आण्णांनी मला परसात बोलावलं. वर्तमानपत्राची घडी उलगडून फोटो दाखवला. म्हणाले, ‘आक्का, त्या वर्साला मी तुझ्या आडवा गेलो. चूक लोकांची न्हवती, माझी हुती. तुझं साल मला परत देता येत न्हाई.’ वडिलांनी लेकीपुढं असं म्हणावं, हे मी आमच्या भागात कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, रागही आला. हे तेव्हा का नाही सुचलं, असं वाटलं. दोन्ही एकदमच आलं.

दुसऱ्या दिवशी ते पहाटेच उठले. गोठ्यातला कासरा घेतला, त्याला मीटरमीटरवर गाठी मारल्या आणि गावाबाहेरच्या गायरानात गेले. पुरुषांचं मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, बायकांचं बारा आणि आठ, हे त्यांना तोंडपाठ होतं. दगडगोटे वेचून काढले. फक्की नव्हती, तर चुलीतली राख चाळून मध्यरेषा आखली. पहिल्या दिवशी तीन पोरी आल्या. पावसाळ्यापर्यंत अकरा झाल्या. आण्णा दर शनिवारी एसटीनं यायचे, मैदानाच्या कडेला उकिडवे बसायचे आणि ओरडायचे, ‘पायाकडं बघ!’

माझी लेक काही मोठी खेळाडू झाली नाही. तालुक्याला दोनदा खेळली, एकदा जिल्ह्याला. पहिल्यांदा परगावी मुक्कामाला निघाली तेव्हा आण्णा स्वतः सोडायला आले होते. आज ती नोकरी करते. बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलते. पडली तर कपडे झटकून उठते. ते तिला मैदानानं दिलं.

आण्णांना जाऊन आता दोन वर्षं होतील. शेवटच्या आजारपणात मी त्यांचे पाय चेपत बसायची. एकदा हसून म्हणाले, ‘धर की घोटा.’ मी धरला. म्हणाले, ‘अजून पकड हाय तुझी.’ एवढं बोलूनच आमचं जे काही बाकी होतं ते मिटलं.

मैत्रिणींनो, आपल्या गटात बचतीचा हिशेब होतो, कर्जाचा होतो. पुढच्या बैठकीत एक हिशेब आणखी करूया. आपल्या गावात पोरगा रोज किती वेळ खेळतो आणि पोरगी किती वेळ? मैदानाला खर्च फार नाही. बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद सपाट जागा, एक दोरी आणि चार मुठी राख. जागा शाळेची असेल तर मुख्याध्यापकांना विचारा, गायरान असेल तर ग्रामसभेत विषय मांडा. आणि पोरीचा तो एक तास घरात कुणीतरी आपल्या अंगावर घ्यायला हवा. आमच्या घरात तो आण्णांनी घेतला. उशिरा घेतला, पण घेतला. तुम्ही उशीर करू नका.

आणि हो, रविवारी दुपारी त्याच गायरानात आम्ही सात-आठ बायका आता खेळतो. साडीचा काचा मारून. गुडघे कुरकुरतात. पण आण्णा म्हणायचे ते खरं आहे, अंग जुळतं.