पाऊस येण्यापूर्वींचा शेजारधर्म
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं गतकालाचें स्मरण करून परमेश्वराचे आभार मानावे, हें आम्हां सर्वांचें पहिलें कर्तव्य होय. परंतु ज्या भूमीवर हें देऊळ उभें आहे, तिचें व तिच्या पाण्याचें स्मरण केल्यावांचून तें कर्तव्य पुरें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून वसईच्या पाण्याविषयीं व शेजारधर्माविषयीं चार शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा घेतों.

सन २०१८ च्या जुलै महिन्यांत आलेला पूर आपणांपैकीं कोणीही विसरला नसेल. वसई, नालासोपारा व विरार येथील कित्येक वस्त्या अनेक दिवस पाण्यांत होत्या; वीज नव्हती, आगगाड्या बंद पडल्या होत्या, आणि मिठागरांतील शेंकडों माणसें पाण्यानें वेढलीं गेलीं होतीं. अशा वेळींही माणुसकी आटली नाहीं. ज्याचें घर उंचावर, त्यानें दार उघडलें; ज्याची चूल पेटली, त्यानें शेजाऱ्याचेंही ताट वाढलें. त्याबद्दल देवाची स्तुति असो. परंतु पाणी ओसरल्यावर एक प्रश्न मागें राहिला, व तो आम्ही आज स्वतःसच विचारीत आहों : जो शेजारधर्म पुरांत आठवला, तो पाऊस येण्यापूर्वीं आम्हांस कां आठवला नाहीं?

पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणा आणि दक्षिणेस वसईची खाडी, अशी ही आपली सखल भूमि. पावसाचें पाणी ओहोळांनीं खाजणांत व मिठागरांत पसरावें, आणि ओहोटी लागतांच समुद्रास मिळावें, असा येथील क्रम होता. भरतीच्या वेळीं समुद्र पाणी घेत नाहीं. तेवढा वेळ तें कोठें तरी थांबलें पाहिजे. अशी थांबण्याची जागा आपल्या पूर्वजांनीं वाडीवाडींत राखिली होती. तींच आपलीं बावखलें. पावसाळ्यांत तीं पाणी पोटांत घेत. तें गोडें पाणी जमिनींत मुरून विहिरी जिवंत ठेवी. आणि रहाटानें उपसलेल्या पाण्यावर केळी व पानवेली वाढत.

पुढें नळ आले, रहाट थांबले, जमिनीचा भाव चढला. खाजणांवर इमारती उभ्या राहिल्या हें खरें, व त्याचा दोष इतरांस देणें सोपें आहे. पण वाडींतलें बावखल कोणीं बुजविलें? कित्येक ठिकाणीं तें आपल्याच हातांनीं बुजविलें गेलें. कोणीं घर वाढविण्यासाठीं, कोणीं चार पैशांसाठीं, कोणीं केवळ कचरा टाकण्याची सोय म्हणून. ज्यानें आपलें बावखल बुजविलें, त्यानें आपल्या वांट्याचें पाणी शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर पाठविलें. पापनिवेदनामागून प्रायश्चित्त येतें, हें आम्हां कॅथलिकांस निराळें सांगणें नको.

तें प्रायश्चित्त असें असावें. मिरग लागण्यापूर्वीं प्रत्येक वाडीनें उरलेल्या बावखलांतील गाळ काढावा व नाल्याचें तोंड मोकळें करावें. अंथरुणास खिळलेले, एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया व तान्हीं मुलें यांची यादी करून, कोणीं कोणास सुरक्षित स्थळीं न्यावयाचें हें आधींच ठरवावें. उंचावरील शाळेची किल्ली रात्रीं कोणापाशीं असते, हें सर्वांस ठाऊक असावें. कोळी बांधवांपाशीं होड्या आहेत व भरतीओहोटीचें ज्ञान आहे. जुन्या शेतकऱ्यास पाण्याची वाट माहीत आहे. नव्या इमारतींत डॉक्टर व परिचारिका राहतात. हीं सारीं माणसें, मग तीं कोणत्याही धर्माचीं असोत, वर्षांतून एकदां तरी एकत्र बसलीं पाहिजेत. पाणी धर्मग्रामाची शीव ओळखीत नाहीं. सरकारी मदत येईलच. परंतु रस्ते बुडाल्यावर ती पोहोंचेपर्यंत पहिली रात्र शेजाऱ्याच्याच भरंवशावर काढावी लागते.

पवित्र शास्त्रांतील नोहानें तारूं बांधिलें तें कोरड्या जमिनीवर, पावसाचा थेंब पडण्यापूर्वीं. त्याच्या श्रद्धेची खूण त्याच्या हातांतील हत्यारांत दिसली. मात्र त्या तारवांत एकच कुटुंब होतें; आपलें तारूं सबंध गांवाचें असावें, अशी प्रभूची आज आपणांकडून अपेक्षा आहे.

पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या वडिलांनीं आम्हांस हें देऊळ दिलें. पुढील पन्नास वर्षांनीं आपल्या नातवंडांस या देवळाबरोबर एक भरलेलें बावखल व एक जागा शेजार मिळावा, म्हणून येत्या वैशाखांत आम्ही फावडें घेऊन येऊं. आपणही यावें, ही नम्र विनंति.

प्रभु आपणां सर्वांस सद्बुद्धि व बळ देवो. आमेन.