सणाचा दिवस आणि परीक्षेचा दिवस
(ज्ञातिसंस्थेच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभातील भाषण)



परदेशातील उच्च शिक्षणावर आम्ही बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परदेश आम्ही पाहिला तो वर्गातील नकाशावर. तेव्हा त्या अफाट विषयाचा एक कोपराच तेवढा घेतो.

२०२५ च्या दिवाळीत आम्ही आपल्याच एका ज्ञातिभगिनीकडे फराळास गेलो होतो. त्यांची कन्या न्यूयॉर्क राज्यातील एका विद्यापीठात शिकते. मंगळवारी, २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिची परीक्षा होती. ती देऊन मुलगी खोलीवर आली आणि समई न लावताच निजली. हे सांगताना माउलीचे डोळे भरून आले. प्राध्यापकांस विचारले होते काय, असे आम्ही पुसले. "आपला सण तिथल्या यादीत नाही, म्हणून तिने विचारलेच नाही," असे उत्तर मिळाले.

आम्ही घरी येऊन नातवाकडून शोध करविला, तेव्हा निघाले ते असे. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण कायद्यात २२४-अ हे एक कलम आहे. धर्मश्रद्धेमुळे एखाद्या दिवशी विद्यार्थ्यास वर्गास वा परीक्षेस बसता आले नाही, तर त्याला ती परीक्षा पुन्हा देण्याची तितकीच संधी संस्थेने द्यावयाची असते. त्यासाठी शुल्क घ्यावयाचे नसते आणि त्यापायी त्याचे नुकसान होऊ द्यावयाचे नसते. शुक्रवारी दुपारी चारनंतर किंवा शनिवारी वर्ग ठेवल्यास, शक्य तेथे, अन्य दिवशी सोय करावी असेही त्यात आहे. यहुद्यांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून लागतो हे ध्यानात घेतले म्हणजे या तरतुदीचे मर्म कळते. परंतु आम्हांस विशेष वाटले ते हे की, अमुक धर्माचे अमुक सण अशी यादीच त्या कलमात नाही! ज्या यादीत आपले नाव नाही म्हणून मुलगी गप्प राहिली, ती यादी त्या कायद्यात कोणी केलेलीच नव्हती. वॉशिंग्टन राज्याच्या २०१९ च्या कायद्याने तर मागणी कशी करावी हेही सांगितले आहे: अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत लेखी कळवावे. इतर राज्यांचे नियम निराळे असतील. ते ज्याने त्याने प्रवेश घेतानाच पाहावे.

आता यातील दुसरी गोष्ट ऐका. तिथी ही स्थळावर अवलंबून असते. त्या वर्षी अमावास्या आपल्याकडे २० ऑक्टोबरच्या दुपारी लागून २१ च्या सायंकाळी संपली, आणि महाराष्ट्रातील पंचांगांनी लक्ष्मीपूजन २१ ला धरले. परंतु न्यूयॉर्कच्या घड्याळाने हीच अमावास्या २१ च्या सकाळी साडेआठच्या आतच संपली होती. म्हणजे तेथील लक्ष्मीपूजन २० च्या, सोमवारच्या सायंकाळी! त्या सायंकाळी शेजारच्या खोलीतील गुजराती मुलींनी पूजा केली, तेव्हा त्या एक दिवस चुकल्या असे समजून ही बिचारी पुस्तक उघडून बसली होती. घरून आईने पाठविलेल्या तारखेवर तिचा विश्वास. दोष मुलीचा नव्हे. आम्ही वडील माणसांनी तिच्या पेटीत लाडू भरले, पंचांग कसे पाहावे ते शिकविले नाही.

आपल्या देशातही हा प्रश्न नाही असे नाही. १५ जानेवारी २०२५ ची यूजीसी-नेट परीक्षा पोंगल, मकरसंक्रांत आदी सणांमुळे ऐनवेळी पुढे ढकलावी लागली. वास्तविक संक्रांत सूर्याच्या गतीने चालते, १४ किंवा १५ जानेवारी सोडून ती जाते कोठे? असो.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून आम्हांस खाली बसता येणार नाही. आम्ही शिक्षक असताना एका वर्षी सुट्ट्यांच्या छापील यादीत रमजान ईद एके दिवशी होती. चंद्र दिसला नाही आणि ईद दुसऱ्या दिवशी आली. त्या दिवशी आमच्या वर्गाचा गणिताचा पेपर होता. एक मुलगा नवा सदरा घालून, हातात शीरखुर्म्याचा डबा घेऊन दाराशी आला आणि म्हणाला, "गुरुजी, पेपर उद्या दिला तर चालेल का?" आम्ही म्हणालो, "सुट्टी काल झाली." मुलगा निमूटपणे बसला, पेपर लिहिला आणि जाताना डबा आमच्या मेजावर ठेवून गेला. दुसरी प्रश्नपत्रिका काढावयास आम्हांस अर्धा तास लागला असता. त्या मुलाच्या वडिलांनी तक्रार केली नाही, पुढे भेटले तेव्हा नमस्कारच केला. न्यूयॉर्कच्या मुलीची हकिगत ऐकताना आम्हांस प्रथम तो डबा आठवला. आपल्या ज्ञातीत शिक्षक-प्राध्यापक पुष्कळ आहेत, म्हणून हे बोललो.

विद्यार्थ्यांनो, रजा मागाल ती पाळण्यासाठी मागा. चतुर्थीची रजा घेऊन दुपारपर्यंत निजणारा मुलगा पुढच्या मुलाची वाट बंद करतो. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री अर्ज करू नका.

कार्यकारी मंडळास विनंती अशी की, पुढील स्मरणिकेत एक पान परगावच्या व परदेशच्या मुलांसाठी ठेवावे: त्या त्या शहराच्या तिथीप्रमाणे सणांच्या तारखा आणि अर्जाचा एक नमुना. २०२६ चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला रविवारी आहे, तेव्हा त्याची चिंता नाही. गणेशचतुर्थी मात्र १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. न्यूयॉर्कलाही तोच दिवस. त्या मुलीचा अर्ज आम्ही लिहून दिला आहे. इंग्रजी तिने सुधारून घेतले.