काचनळी आणि वीस मिनिटे



जीवरसायनशास्त्र म्हटले की मोठ्या रुग्णालयातील यंत्रे डोळ्यांसमोर येतात. परंतु जुन्नर-आंबेगावच्या भातखाचरांत व उसाच्या फडांत सर्पदंश झालेल्या माणसाचा जीव एका साध्या काचनळीवरही अवलंबून असू शकतो.

घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठविणारी द्रव्ये संपतात. हे ओळखण्यासाठी शिरेतील २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत घेऊन २० मिनिटे न हलविता ठेवतात व मग नळी तिरपी करतात. रक्त पातळच राहिले, तर प्रतिसर्पविष देणे आवश्यक ठरते. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा तिच्यात साबणाचा अंश राहिला असेल, तर निष्कर्ष फसवा ठरतो.

नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर आघात करते. तेथे रक्त गोठते, पण पापण्या जड होतात, श्वास मंदावतो. म्हणूनच पहिल्या चाचणीत रक्त गोठले, तरी रुग्णास २४ तास देखरेखीखाली ठेवावयाचे असते.

नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावरील उपचारांसाठी वर्षानुवर्षे कार्य केले आहे. केंद्र शासनाच्या २०२४ च्या कृती आराखड्यानुसार असे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणावयाचे आहेत.

पंचायत सदस्यांनी आपल्या आरोग्य केंद्रात नव्या काचनळ्या व प्रतिसर्पविष आहे ना, हे पावसाळ्यापूर्वी विचारावे. शिक्षकांनी मुलांना सांगावे : दंशाच्या जागी कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. तेथे गेलेला तास कोणतीही चाचणी परत आणू शकत नाही.