पत्रा फुगला, दोष कोणाचा?

(म्हैसूर येथे मंडी मोहल्ल्यातील सभेत केलेले भाषण)



अशोकपुरमचे रेल्वे वर्कशॉप याच शहरात आहे, म्हणून आज पत्र्याचाच विषय घेतो. टपाल खात्यातील बांधवांनी कंटाळू नये, आर.एम.एस.चा डबाही पत्र्याचाच, आणि जोड उघडा पडला की पाणी टपालाच्या थैल्यांवर गळते.

जुन्या आयसीएफ डब्याच्या बाजूचा पत्रा साधारण २ मिलिमीटरचा. आर्क लागला की जोडालगतचे पोलाद पसरू पाहते. भोवतीचा थंड पत्रा पसरू देत नाही, म्हणून ते जागीच दबते आणि निवल्यावर मूळ मापाहून आखूड होते. जाड प्लेट हा ताण सोसते, पातळ पत्र्याला पोट येते. ३०४ जातीचे स्टेनलेस तर साध्या पोलादाच्या सुमारे दीडपट पसरते.

उपाय आम्हाला ठाऊक आहेत. फट कमी ठेवावी, क्लॅम्पने आवळावे, जवळजवळ टॅक मारावेत, मागे तांब्याची पट्टी द्यावी. सलग रन ओढू नये. तुकडा इथे, तुकडा तिथे, मध्ये पत्रा निवू द्यावा. जाड रन म्हणजे फुकटचा ताप, पत्र्यालाही आणि आपल्यालाही!

पण कितीतरी ठिकाणी जॉब कार्डावर आर्क पेटलेलीच मिनिटे मोजतात. पत्रा निवेपर्यंत थांबलेला वेल्डर रिकामा ठरतो. घाईने फुगलेला पत्रा ठोकून सरळ करण्यात गेलेले तास कोणी विचारत नाही, मेमो मात्र वेल्डरला. म्हणून आमची मागणी अशी की, टॅक मारण्याचा व निवण्याचा वेळ जॉबच्या वेळेत धरावा आणि क्लॅम्प, तांब्याच्या पट्ट्या मागताच स्टोअरमधून मिळाव्यात.