रुग्णशय्येपासून कायद्यापर्यंत



औषध द्यावे आणि अंथरूण सावरावे, एवढेच परिचारिकेचे काम, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. परंतु रुग्णाच्या उशाशी तिला जे दिसते ते सहसा कागदावर उतरत नाही. आणि ते शासनापर्यंत पोहोचल्याखेरीज धोरण बदलत नाही.

सिसली सॉन्डर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये परिचर्येचे शिक्षण घेतले. पाठीच्या विकारामुळे हा व्यवसाय त्यांना सोडावा लागला. रुग्णसेवा मात्र त्यांनी सोडली नाही. रुग्णालयात समाजसेविका असताना, १९४८ साली कर्करोगाने निधन पावलेल्या एका पोलिश निर्वासिताने आपले ५०० पौंड त्यांच्या भावी कार्यासाठी ठेवले. वेदना उसळण्यापूर्वीच ठरावीक वेळी औषध दिले, तर रुग्णाचे अखेरचे दिवस शांतपणे जातात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. वैद्यकाला हे पटवून देता यावे म्हणून, एका शल्यचिकित्सकाच्या सल्ल्यावरून, १९५७ साली त्या स्वतः डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह उघडले.

१९६३ मध्ये त्यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात व्याख्यान दिले. ते ऐकून तेथील परिचर्या विद्यालयाच्या अधिष्ठाता फ्लॉरेन्स वॉल्ड यांनी पुढे आपले पद सोडले व याच कार्याला वाहून घेतले. १९७४ साली कनेक्टिकटमध्ये अशी सेवा सुरू झाली. १९८२ साली अमेरिकी संसदेने वृद्धांच्या शासकीय आरोग्यविम्यात तिचा समावेश केला.

आपल्या देशात १९८६ साली मुंबईत शांती अवेदना सदन सुरू झाले. परंतु १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्यविषयक अधिनियमाचा हेतू व्यसनास आळा घालण्याचा असला, तरी परवान्यांच्या जाचामुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. व्यसनी माणसासाठी घातलेले कुंपण वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाच्या वाटेत आले. रुग्णसेवकांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१४ साली संसदेने या अधिनियमात दुरुस्ती केली.

तथापि, कायदा सुधारला म्हणजे औषध खेड्यापर्यंत पोहोचले असे नव्हे. केरळ शासनाने २००८ साली वेदनाशामक सेवेचे धोरण जाहीर केले आणि स्थानिक पंचायतींना त्यात सहभागी करून घेतले. त्यामुळे परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या दारी जाऊ लागली.

पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की, आपल्या उपकेंद्रातील परिचारिकेला सभेत बोलावून, गावात वेदना सोसत पडलेले रुग्ण किती आहेत, हे तिला विचारावे. अधिकाऱ्यांनी ती माहिती जिल्ह्याच्या आराखड्यात घ्यावी. शिक्षकांनी कर्करोगाविषयीची भीती व लपवाछपवी दूर करावी. परिचारिकेच्या शब्दाला सभागृहात स्थान मिळाले, तरच घराघरांतील वेदनेची दखल घेतली जाईल.