मनाचा उपचार आणि नोंदणी क्रमांक

(शिरवळ येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत कामगाराचा हात यंत्रात सापडला, तर निदान अपघात झाला हे सर्वांना दिसते. त्याची झोप उडाली, जगणे नकोसे झाले, तर ते कोणालाच दिसत नाही. उपचारासाठी पुणे वा सातारा गाठावे, तर कंत्राटी कामगाराचा दिवसाचा रोज बुडतो. म्हणून फोनवरून मिळणारा सल्ला ही त्याची चैन नव्हे, गरज आहे.

परंतु गरज दिसली की बाजार तेथे दुकान मांडतो. ‘समुपदेशक’ ही पाटी लावण्यास व्यवहारात फारशी आडकाठी होत नाही. यासाठी पैसे भरण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारावा. त्यात उद्धटपणा नाही. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. त्याची नोंद वैद्यकीय परिषदेकडे असते आणि तो औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे नाव भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत पाहावे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय सेवेतून असा उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर ती अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही सल्ला देते.

हा क्रमांक प्रत्येक कारखान्याच्या फलकावर लिहवून घेणे, हे युनियनचे पहिले काम. मात्र फोन म्हणजे दवाखाना नव्हे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाचा वार ठरावा आणि तो पाळला जावा, यासाठी लढणे हे दुसरे.