विंचू, रक्तदाब आणि रात्र

(सदर, नागपूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत एका निवृत्त डॉक्टरांनी दिलेलं व्याख्यान)

अध्यक्षमहाराज, आणि मे महिन्यात नागपुरात घराबाहेर पडायचं धाडस केलेल्या मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय 'रक्तदाबाच्या गोळ्या आणि मनावरचे आघात'. त्यातला पहिलाच शब्द वाचून पुढच्या दोन रांगा भरलेल्या दिसतात. (हशा) एक-दोघांच्या हातात गोळ्यांचं पाकीटही आहे. ते सध्या खिशात ठेवा, कार्यक्रम संपल्यावर बघू.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. वेळ पुरेल न पुरेल म्हणून आधीच सांगून टाकतो. विंचू चावलेल्या माणसाला कुणी 'मन घट्ट कर' म्हणत नाही. त्याला घाम फुटलाय, छाती धडधडतेय, म्हटल्यावर आपण गाडी काढतो. आणि आघातातून गेलेला माणूस रात्री तसाच घामाघूम होऊन उठला की आपण म्हणतो, 'विसर आता, किती दिवस धरून बसशील?' माझं म्हणणं असं, की भय आधी अंगात असतं. मनात ते नंतर शिरतं. ते अंगात असेल तर त्याची लाज कसली?

लाज कुठवर मुरलीय पाहा. इथून छिंदवाडा रस्त्यानं निघालं की प्रादेशिक मनोरुग्णालय येतं. त्या चौकाला ऑटोवाले काय म्हणतात? (सभागृहातून : 'पागलखाना चौक!') बघा, सगळ्यांना पाठ आहे. आता आपल्या पोराला तिथं दाखवायला नेताना ऑटोवाल्याला पत्ता सांगायचा म्हणजे आईचा जीव कसा होत असेल?

आघातातून गेलेल्या माणसाच्या या दुखण्याला आघातोत्तर ताणाचा विकार म्हणतात. 1980 साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत तो या नावानं आला. पण 1871 मध्येच द कोस्टा नावाच्या डॉक्टरनं तिकडच्या यादवी युद्धातल्या शिपायांची धडधडणारी, बिथरलेली हृदयं नोंदवून ठेवली होती. म्हणजे हे दुखणं पहिल्यांदा सापडलं ते छातीत, हे ध्यानात ठेवा. आणि शिपाईच कशाला? गोवारी उड्डाणपुलावरून आपण रोज जातो. 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारींच्या मोर्चात 114 माणसं चेंगरून गेली. किल्लारीचा भूकंप घ्या. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बुडवून लोक झोपले होते. ज्यांच्यावर झोपेतच घर पडलं, त्यांना 'शांत झोप, बरं वाटेल' हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

तर गोळी. तिचं नाव प्राझोसिन. 1970 च्या दशकात ती रक्तदाबासाठी बाजारात आली. आपल्या अंगात नॉरअ‍ॅड्रिनलिन नावाचं रसायन आहे. संकट आलं की ते रक्तवाहिन्या आवळतं. रक्तवाहिन्यांवर त्याची कुलपं असतात. प्राझोसिन त्या कुलपात जाऊन बसते, मग किल्ली फिरत नाही आणि रक्तवाहिनी सैल पडते. विज्ञान एवढंच. आता विंचवाकडं वळतो. दोन मिनिटं घेईन फक्त. (अध्यक्ष : 'दोनच!' हशा)

या गोळीची आपल्या मुलखातली कहाणी अमेरिकेतल्या कहाणीच्या आधीची आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. एम.बी.बी.एस. केलं कुठं? आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये! (टाळ्या) तिथून ते गेले रायगडात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. कोकणातला लाल विंचू म्हणजे काय चीज आहे, ते भातकापणीला गेलेल्याला विचारा. त्याचं विष मज्जातंतूंची दारं उघडी टाकतं आणि अंगात अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिनचा नुसता लोंढा सुटतो. उलटी होते, दरदरून घाम येतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात. पुरुषांमध्ये आणखी एक लक्षण दिसतं. ते पुढच्या रांगेतल्या आजींसमोर सांगत नाही. (हशा. आजी : 'सांगा नं, आम्ही काय लहान आहो?' मोठा हशा) मग रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, आणि पहाटेपर्यंत धडधाकट पोरगं हातचं जातं.

बावस्करांनी केलं काय? ते खाटेशी बसले. या गोष्टीतला सगळ्यात मोठा शोध मला हाच वाटतो. रात्रभर बसून कोणत्या तासाला काय होतं ते लिहून काढलं. त्या लक्षणांवरचा त्यांचा लेख 1982 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नंतर त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिली आणि 1986 मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यांनी नोंदवलेले आकडे असे, की आधी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांतले पंचवीस-तीस दगावत. गोळी आल्यावर ते प्रमाण एक टक्क्याच्या खाली गेलं. त्यावर ते थांबले नाहीत. 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी 70 रुग्णांची चाचणी मांडली. नुसती प्राझोसिन दिलेल्या 35 पैकी 8 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. सोबत प्रतिविष दिलं, त्या 35 पैकी 32. आपलीच लाडकी गोळी एकटी कमी पडते, हे त्यांनी स्वतःच दाखवलं. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा...

हो, हो, चिठ्ठी मिळाली. 'विंचू पुरे, विषयावर या.' (हशा) अहो, विषय हाच आहे! लोंढा तोच आहे. तिकडं तो विंचू सोडतो, इकडं आठवण सोडते. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदूतला नॉरअ‍ॅड्रिनलिनचा नळ एरवी बंद असतो. आघात झालेल्यांत तो गळत राहतो, असं मानतात. आणि प्राझोसिन मेंदूत पोचते. सिअ‍ॅटलला मरी रॅस्किंड नावाचे मानसोपचारतज्ज्ञ माजी सैनिकांवर उपचार करत. व्हिएतनाम युद्धातून आलेल्या दोघांना प्रोस्टेटच्या त्रासासाठी ही गोळी दिली होती. लघवीचं राहू द्या, त्यांची लढाईची स्वप्नंच थांबली. ते त्यांनी सांगितलं, डॉक्टरांनी ऐकून घेतलं. 2003 मध्ये 10 माजी सैनिकांवर रीतसर चाचणी झाली आणि फरक दिसला.

रक्तदाबाच्या दुसऱ्या एका गोळीचं, प्रोप्रॅनोलॉलचं, थोडक्यात सांगतो. नाटकवाले रंगमंचावर जाण्याआधी घेतात तीच ही गोळी. 2002 मध्ये पिटमन नावाच्या संशोधकांनी अपघातानंतर लगेच ती देऊन पाहिली, आठवण पक्की व्हायच्या आत सैल पडते का म्हणून. सुरुवातीला आशा वाटली, पुढच्या चाचण्यांत ती टिकली नाही.

मागं हात वर झालाय. बोला. (एक तरुण डॉक्टर : 'सर, 2018 ची चाचणी?') येणारच होतो तिकडं! मी लपवत नव्हतो. (हशा) बरं, थोडा लपवत होतो. 304 माजी सैनिक, 26 आठवडे, 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये छापलेली. प्राझोसिन आणि साखरेची गोळी, दोन्हींत फरक नाही. रॅस्किंड स्वतःच त्या चाचणीचे प्रमुख होते. पण त्यात अस्थिर, जास्त त्रासलेले रुग्ण घेतलेच नव्हते, असं... (तरुण डॉक्टर : 'ही पळवाट नाही का, सर?') असेल. माझ्यासारखा माणूस पळवाट शोधतोच. एवढं खरं, की अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण खात्यांच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत दुःस्वप्नांसाठी ही गोळी सुचवलीय, पण हातचं राखून. आधी मान आहे तो आघातावर काम करणाऱ्या बोलण्याच्या उपचारांना.

आणि तुम्ही विचारलंत म्हणून कबूल करतो. विंचवाचं विष दोन-तीन दिवसांत उतरतं. आठवण उतरत नाही. माझी उपमा तिथं लंगडी पडते. गोळी रात्रीपुरती. दिवसा त्या माणसाशी कुणीतरी बोलायला लागतंच.

पाच मिनिटं? ठीक. सगळ्यात आधी सांगायचं ते शेवटी सांगतो. ही गोळी शेजाऱ्याची उचलून खायची नाही. पहिल्याच मात्रेनं रक्तदाब धाडकन उतरून माणूस चक्कर येऊन पडू शकतो. म्हणून डॉक्टर अगदी थोडी, झोपतानाच सुरू करतात. रात्री उठताना आधी बसायचं, मग पाय खाली. आणि मनानं बंदही करायची नाही.

आता मी या विषयाच्या मागं का लागलो, ते. 1998 च्या सुमाराची गोष्ट. कामठीकडचे एक निवृत्त हवालदार माझ्याकडं रक्तदाबासाठी येत. प्राझोसिन चालू होती. नवी, दिवसातून एकदाच घ्यायची गोळी आली म्हणून मी ती बदलली. रक्तदाब छान उतरला. महिन्यानं त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. म्हणाल्या, 'डॉक्टरसाहेब, यांना जुनीच गोळी द्या. हे पुन्हा रात्री ओरडून राह्यले.' पुन्हा म्हणजे कधीपासून, हे मी विचारलं नाही. मी हसलो. म्हटलं, 'काकू, बी.पी.च्या गोळीचा अन् स्वप्नांचा काय संबंध?'

त्या 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या. ते दोघं परत आले नाहीत. पाच वर्षांनी रॅस्किंडचा लेख वाचला आणि जुनी कार्डं काढून बसलो. तीन वर्षांतला प्रत्येक आकडा होता, वरचा आणि खालचा. झोपेविषयी एक ओळ नव्हती.

(घंटा)

हो, थांबतो. ती पाकिटं घेऊन या आता. पण गोळी दाखवायच्या आधी रात्र कशी जाते ते सांगा.